झाड कोणाच्या हाती द्यायचं?

प्रश्न थोडक्यात असा: घराच्या भिंतीपासून पाचेक मीटरवर एक जुनं, मोठं झाड आहे. त्याची एक जाड फांदी छपरावर आली आहे आणि खोडावर, माणसाच्या कमरेच्या उंचीला, पंजा आत जाईल एवढी ढोली आहे. दारावर आलेला एकजण म्हणाला, ‘वरून निम्मं उतरवू, नाहीतर पुढच्या वादळात घरावर येईल.’ लाकूड तो नेणार, मजुरी नाममात्र घेणार. शेजाऱ्यांचा सल्ला ढोलीत सिमेंट भरण्याचा. मालकांना झाड ठेवायचंय, पण रात्री वारा सुटला की झोप लागत नाही. मग बोलवायचं कोणाला, त्याला कळतं की नाही हे ओळखायचं कसं, आणि घरच्या घरी काय करता येईल?

दारावरच्या माणसापासून सुरुवात करू. त्याला नको म्हणा. तो लबाडच असेल असं नाही, पण त्याचा हिशेब बघा. लाकूड हीच त्याची मजुरी. जितकं जास्त कापेल तितकी त्याची कमाई. तुम्हाला मात्र कमीत कमी कापून हवंय. दोघांची गरज अशी उलट्या दिशेला असताना ते काम नीट होणं निव्वळ नशिबावर आहे. स्वस्तातल्या छाटणीनंतर निस्तरायला मी किती वेळा गेलोय याची गणती नाही, आणि त्यातली निम्मीअधिक कामं ‘लाकडाच्या बदल्यात’ झालेली होती.

आता जी गोष्ट एकदा डोक्यात बसली की बाकीचं आपोआप कळतं, ती सांगतो. झाडाची जखम भरत नाही. आपलं बोट कापलं तर तिथे नवी कातडी येते, जुनी गळून जाते. झाडाला ही सोय नाही. एकदा उघडं पडलेलं लाकूड कायम तसंच राहतं. झाड फक्त त्याच्याभोवती भिंती उभारतं आणि वरून नवं लाकूड चढवत ते आत बंद करून टाकतं. अ‍ॅलेक्स शिगो हे अमेरिकेच्या वनसेवेतले शास्त्रज्ञ. त्यांनी चेनसॉ घेऊन हजारो झाडं उभी चिरून पाहिली आणि १९७७ साली ही चार भिंतींची मांडणी केली. कूज वर-खाली पसरू नये म्हणून असलेली भिंत सगळ्यात कच्ची असते, त्यामुळे कूज खोडात उभी धावते. जखम झाल्यानंतर जो नवा थर वाढतो त्याची भिंत सगळ्यात पक्की. म्हणून आतून पूर्ण पोकळ झालेलं झाडही बाहेरून हिरवंगार उभं असतं.

याचा अर्थ, तुमच्या झाडावर मारलेला प्रत्येक काप ते झाड शेवटपर्यंत पोटात बाळगणार आहे. दोन बोटांएवढा काप ते दोन-तीन वर्षांत बंद करेल. मांडीएवढा काप बंद होण्याआधीच बुरशी आत शिरलेली असेल.

हे मी चूक करून शिकलो. सुरुवातीला मला शिकवणाऱ्यांनी सांगितलं होतं, फांदी खोडाला अगदी लागून, रंधा मारल्यासारखी साफ कापायची. पाणी साचत नाही. वर काळा रंग फासायचा. दिसायला काम इतकं झकास दिसायचं की मालक खूश. सात वर्षांनी त्यातलंच एक झाड पाडायला मला बोलावलं. खोडाचा ओंडका उभा चिरला तर माझ्याच कापापासून खाली एक काळपट जीभ निघालेली, माझ्या हाताएवढी लांब, आणि तिच्यातलं लाकूड नखाने उकरता येईल इतकं मऊ. वरचा रंग मात्र जागच्या जागी होता. त्याच्या आडोशाला ओल टिकली होती, बुरशीची छान सोय झाली होती.

कापायचं कुठे, हे झाडच दाखवतं. फांदी खोडाला मिळते तिथे खालच्या अंगाला एक फुगीर कडं असतं, वर सरकवलेल्या बाहीचा कोपरापाशी गोळा व्हावा तसं. वरच्या अंगाला, बेचक्यात, सालीची खरबरीत सुरकुती उठलेली असते. काप या दोन्हींच्या जरा बाहेर घ्यायचा. कडं खोडाचा भाग आहे, ते कापलं की खोडच जखमी झालं. आणि हातभर खुंटी ठेवली तरी वाईटच, कारण मेलेली खुंटी गळेपर्यंत कडं बंद होत नाही आणि तोवर बुरशीला आयता जिना मिळतो.

जाड फांदी एका दमात कापायची नसते. आधी खोडापासून फूटभर अंतरावर खालून चतुर्थांश काप, मग त्याच्या थोडं पुढे वरून काप. फांदी खाली जाते. उरलेली खुंटी हाताने धरून कड्याबाहेर तिसरा काप. पहिला खालचा काप चुकवला तर फांदी पडताना आपल्या वजनाने खोडाची साल लांबच लांब सोलत नेते. रस्त्याकडेच्या झाडांवर तशा उभ्या, उघड्या पट्ट्या बघितल्या असतील. घाईत वाचवलेला एक काप असतो तो.

आता ‘वरून निम्मं उतरवू’ याचं काय होतं ते बघा. शेंडे उडवले की झाडाची पानं जातात, म्हणजे अन्न शिजवणारी चूलच जाते. झाड घाबरून साठवलेली शिदोरी खर्च करतं आणि कापाच्या कडेने धुमाऱ्यांचा झुबका काढतं. लोकांना वाटतं, बघा कसं फोफावलं! पण नैसर्गिक फांदी खोडाच्या आतपर्यंत रुजलेली असते. हे धुमारे फक्त सालीखालच्या वरवरच्या थराला चिकटलेले असतात. तीन-चार वर्षांत ते पूर्वीच्या उंचीला पोहोचतात, आणि ते ज्या ठोकळ्याला चिकटलेत तो ठोकळा तोवर आतून कुजलेला असतो. म्हणजे जे झाड पडेल म्हणून भीती होती, ते पैसे खर्चून खरंच मोडकं करून घेतलं. उंची खरोखरच कमी करायची असेल तर टोकाची फांदी मागे तिच्याच एखाद्या दणकट उपफांदीपर्यंत कापत आणतात, अशी की ती उपफांदी टोकाचं काम पुढे चालवेल. निदान मूळ फांदीच्या एक तृतीयांश जाडीची तरी ती हवी. एका वर्षात एकूण हिरव्या पानोऱ्याच्या पाव हिश्श्यापेक्षा जास्त काढू नये, आणि वयस्क झाडाला तर त्याहूनही बरंच कमी.

मग माणूस ओळखायचा कसा? पहिल्या दहा मिनिटांत तो काय करतो ते पाहा. ज्याला कळतं तो आधी वर बघत नाही, खाली बघतो. बुंधा जमिनीत शिरतो तिथली माती पायाने बाजूला करतो. भोवती फेरी मारतो. बुरशीच्या छत्र्या शोधतो, लाकडी हातोडीने खोड ठोकून आवाज ऐकतो. घट्ट लाकूड ‘टक्’ असा कोरडा आवाज देतं, पोकळ जागी तोच आवाज घुमतो, मडक्यावर टिचकी मारल्यासारखा. आणि तो विचारतो: गेल्या काही वर्षांत इथे खोदकाम झालं होतं का? पाइप टाकला, फरशी बसवली, मातीचा भराव घातला? झाडाच्या दुखण्याचं मूळ बऱ्याचदा दहा वर्षांपूर्वीच्या एका चरात असतं. तुम्हाला काय हवंय हे न विचारता ‘किती काढू?’ एवढंच जो विचारतो, त्याला चहा पाजून परत पाठवा.

फोनवर विचारायचा माझा आवडता प्रश्न असा: ‘तीन-चार वर्षांपूर्वी तुम्ही छाटलेलं एखादं झाड बघायला मिळेल का?’ कालच छाटलेलं झाड सगळ्यांचंच देखणं दिसतं. जुन्या कापाभोवती नव्या सालीचं कडं सगळीकडून सारखं, गोल, टायरसारखं आलेलं असेल तर तो काप योग्य जागी होता. कडं फक्त डाव्या-उजव्या बाजूला आणि वर-खाली जागा कोरडी असेल, तर काप खोडात घुसलेला होता. हे ओळखायला कुठलंही शिक्षण लागत नाही, दुर्बीण असली तर जमिनीवरूनही दिसतं. काप ओळीने खुंट्या होऊन उभे असतील तर पुढचं बोलणंच नको.

प्रमाणपत्राबद्दल. या धंद्यातली जुनी जागतिक संघटना म्हणजे १९२४ साली सुरू झालेली इंटरनॅशनल सोसायटी ऑफ आर्बरिकल्चर. तिच्या ‘सर्टिफाइड आर्बोरिस्ट’, म्हणजे प्रमाणित वृक्षतज्ज्ञ, या परीक्षेला बसण्याआधी तीन वर्षांचा पूर्णवेळ अनुभव किंवा त्या तोडीचं शिक्षण-अनुभव लागतं, आणि दर तीन वर्षांनी प्रमाणपत्राचं नूतनीकरण करावं लागतं. नाव यादीत आहे का ते ऑनलाइन तपासता येतं. असा माणूस मिळाला तर उत्तम. नाही मिळाला तर वनस्पतिशास्त्र किंवा उद्यानविद्या शिकलेल्या आणि झाडावर प्रत्यक्ष काम केलेल्या माणसाला आधी नुसतं बघायला बोलवा, फी देऊन. बघणारा आणि कापणारा वेगळा असला की सल्ल्यात कापण्याची घाई मिसळत नाही. आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर कागद नसलेले पण झाड उत्तम वाचणारे लोक मी पाहिलेत, आणि भिंतभर प्रमाणपत्रं लावून शेंडे उडवणारेही. म्हणून जुनं काम बघण्याचा आग्रह.

विम्याच्या बाबतीत मात्र मवाळ होऊ नका. झाडावरचं काम जगातल्या धोकादायक कामांत मोडतं. कामगारांचा अपघात विमा आणि तिसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीचा विमा, दोन्हींच्या चालू पॉलिसीची प्रत मागा. तोंडी ‘आहे हो’ चालत नाही. कामाच्या दिवशी हेल्मेट, कमरेचा पट्टा, दोर दिसला पाहिजे. शिडीवर उभं राहून चेनसॉ चालवणारा किंवा एका हाताने चेनसॉ धरणारा दिसला तर काम तिथेच थांबवा. तो पडला तर ते तुमच्या अंगणात होणार आहे. बुटांना खिळे लावून जिवंत झाडावर चढणाराही नको. खिळे फक्त पाडायच्या झाडासाठी असतात. प्रत्येक पाऊल म्हणजे सालीला एक भोक, आणि तीस पावलांत तीस जखमा.

अंदाजपत्रक लेखी घ्या, पण ‘झाडाची छाटणी, एकूण अमुक’ एवढं लिहिलेलं नको. कोणत्या फांद्या, कुठपर्यंत, किती जाडीपेक्षा मोठा काप घ्यायचा नाही, पालापाचोळा आणि ओंडके कोण नेणार, छपराचं किंवा कुंपणाचं नुकसान झालं तर काय, हे त्यात हवं. मी तर फांद्यांचे फोटो काढून त्यावर रेघा मारून देतो, म्हणजे काम करताना वरच्याला आणि खालच्याला एकच कळतं. अनेक शहरांत मोठी फांदी कापायलाही परवानगी लागते. ती कोण काढणार हेही आधीच ठरवा. ‘परवानगीचं बघू नंतर’ म्हणणारा नंतर सापडत नाही, दंडाची नोटीस मालकाला येते.

ढोलीकडे येऊ. सिमेंट भरू नका. झाड वाऱ्यात हलतं, सिमेंट हलत नाही. कडेला फट पडते, फटीत पाणी उतरतं, आणि झाडाने मेहनतीने उभारलेली भिंत घासून घासून मोडते. पुढे कधी ते झाड कापायची वेळ आली तर करवतीचे दात जातात ते वेगळंच. ढोली खरवडून साफ करण्याचाही मोह आवरा, त्यातही तीच भिंत फुटते. पाणी काढण्यासाठी भोक पाडणं हा त्याच जातीचा उपद्व्याप.

पोकळ म्हणजे धोकादायक, असंही थेट नाही. नळी पोकळ असूनही दणकट असतेच की. जर्मन शास्त्रज्ञ क्लाउस मॅथेक यांचा एक ठोकताळा या धंद्यात वापरला जातो: खोडाच्या त्रिज्येच्या साधारण ३० टक्के जाडीचं निरोगी लाकूड सगळीकडून शिल्लक असेल तर खोड बहुधा तग धरतं. म्हणजे ६० सेंटिमीटर व्यासाच्या खोडाला भोवताली नऊ-दहा सेंटिमीटर घट्ट लाकूड हवं. यावर तज्ज्ञांत वाद आहेत, आणि ढोलीचं तोंड मोठं असेल किंवा खोडाला उभी चीर गेली असेल तर हा हिशेब लागू पडत नाही. म्हणूनच तुमच्या झाडाचं मोजमाप डोळ्याने उरकू नका. बारीक ड्रिल आत घालून लाकडाचा विरोध नोंदवणारं, किंवा खोडाभोवती सेन्सर लावून ध्वनिलहरींनी आतलं चित्र काढणारं उपकरण असलेला माणूस शोधा. घर पाच मीटरवर आहे, तेव्हा हा खर्च वायफळ नाही. धोका म्हणजे फक्त झाड मोडण्याची शक्यता नव्हे. मोडलं तर कशावर पडेल आणि किती नुकसान होईल, हेही त्यात धरतात. हेच झाड मोकळ्या माळावर असतं तर मी म्हणालो असतो, राहू दे, घुबडाला घर होईल.

या गोष्टी दिसल्या तर मात्र वाट पाहू नका: बुंध्यालगत कठीण, छत्रीसारखी बुरशी, झाडाच्या एका बाजूची माती उचललेली किंवा भेगाळलेली, आणि नव्याने आलेला कल. लहानपणापासून कललेलं झाड शेंडा वर वळवून सरळ करून घेतं, त्याची भीती नसते. ज्याचा शेंडाही खोडाइतकाच तिरका आहे, ते नुकतंच कललेलं आहे. इंग्रजी व्ही अक्षरासारख्या अरुंद बेचक्यात दोन सारख्या जाडीची खोडं असतील आणि मधली साल आत दबलेली असेल, तर तीही जागा वाऱ्यात उभी फाटते.

घरी करण्यासारखं बरंच आहे आणि त्यात करवत जवळजवळ नाहीच. बहुतेकांना वाटतं, झाड जेवढं वर तेवढं खाली. प्रत्यक्षात पाणी-अन्न ओढणारी बहुतेक मुळं वरच्या दोन फुटांतच असतात, आणि पानोऱ्याच्या घेराच्या दुप्पट-तिप्पट लांब पसरलेली. म्हणून बुंध्यापाशी बादली ओतून उपयोग नाही. पाणी घेराच्या कडेला आणि त्याच्या बाहेर, सावकाश, जमिनीत मुरेल असं द्या. रोज शिंपडण्यापेक्षा क्वचित पण खोल. बोट चार-पाच सेंटिमीटर मातीत घालून बघा. ओल लागली तर आज पाणी नको.

गळलेली पानं जाळू नका, उचलून टाकूही नका. झाडाखाली पाच ते दहा सेंटिमीटरचं आच्छादन करा आणि बुंध्याभोवती वीतभर जागा मोकळी सोडा. बुंध्याला चिकटवून मातीचा किंवा पाल्याचा ढीग केला की साल सतत ओली राहून कुजते. बुंधा जमिनीत शिरताना पसरट दिसला पाहिजे. खांबासारखा सरळ आत जात असेल तर तो पुरला गेलाय. माती हळूहळू बाजूला करून बघा, खोडाला विळखा घातलेलं एखादं मूळही सापडेल. नवं रोप लावताना खोल पुरण्याची हीच चूक सगळ्यात जास्त होते. खड्डा मुळांच्या गठ्ठ्याच्या दुप्पट-तिप्पट रुंद हवा, पण खोली गठ्ठ्याएवढीच. आधाराची काठी वर्षभरात काढा. वाऱ्यात थोडं हललं तरच खोड जाड होतं.

बांधकाम काढाल तेव्हा छातीच्या उंचीवरचा खोडाचा व्यास मोजा आणि त्याची बारापट करा. ५० सेंटिमीटर व्यास असेल तर ६ मीटर. एवढ्या त्रिज्येत खोदाई नको, वाळू-विटांचा ढीग नको, गाडीही नको. तुमच्या बाबतीत घरच या वर्तुळात आहे, त्यामुळे त्या बाजूला पूर्वी किती मुळं तुटली हे बघणाऱ्याला आवर्जून सांगा.

जमिनीवर उभं राहून, हातकरवतीने किंवा कात्रीने, अंगठ्याएवढ्या वाळक्या काटक्या तुम्ही खुशाल काढा. कापावर काही फासू नका. फळबागेत बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद-चुन्याचा लेप, लावतात ना, असं कोणी म्हणेल. ते विशिष्ट बुरशीजन्य रोगांविरुद्धचं औषध आहे, रंग-डांबराची गोष्ट वेगळी. पाय जमिनीवरून सुटले, चेनसॉ लागली किंवा जवळ विजेची तार आली की थांबा. तारेपासून किमान तीन मीटर, आणि तिथेही आधी वीजपुरवठा करणाऱ्यांना फोन.

छपरावरची फांदी बहुधा पूर्ण काढावी लागणार नाही. टोकाकडचं वजन कमी करून तिला एखाद्या वर जाणाऱ्या उपफांदीपर्यंत मागे आणलं की छप्पर मोकळं होईल आणि काप मनगटाएवढाच राहील. ती खोडापासून उडवली तर ढोलीच्या वरच आणखी एक मोठं तोंड उघडेल, हे येणाऱ्याच्या कानावर घाला. काम झाड नवी पालवी फोडत असताना नको, आणि आधी घरटी बघून घ्या. तोवर त्या फांदीखालची खोली झोपायला वापरू नका, आणि ढोलीशेजारी मोजपट्टी धरून आजच फोटो काढून ठेवा. मोठ्या वाऱ्यानंतर त्याच जागेवरून पुन्हा काढा. बघणारा आला की दोन्ही त्याच्यापुढे ठेवा.